हाताची घडी

"तुमची पदविका इथे अर्धी धरली जाईल," कचेरीतला कारकून म्हणाला.

"कुठली अर्धी? वरची की खालची?" मी विचारलं.

तो हसला नाही. कारकुनांना हसायची या देशात बंदी असावी. त्याने माझे कागद गोळा केले, टेबलावर उभे आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि मला परत दिले. कडा सारख्या करण्यात मात्र गडी तरबेज होता. वीसेक वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. पोरं माझ्याकडे यायची ती नाक गळत, आईचा पदर धरून. आणि जायची ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत. त्यातलं अर्धं या माणसाने बसल्या जागी कापून टाकलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत "पुढचे" म्हणाला.

आमच्या ह्यांना इथे नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मोठे दीर आणि जाऊबाई आधीपासून इथेच होते. बस्तान बसेपर्यंत त्यांच्या घरातली सगळ्यात वरची खोली आम्हाला मिळाली. तिचं छत एका बाजूला इतकं खाली उतरलेलं की ह्यांचं डोकं पलंगावरून उठताना रोज आपटायचं, आणि हे दर वेळी त्या छताला सॉरी म्हणायचे. अशा माणसाबरोबर मी परदेशी आले होते.

जाऊबाई एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसत, पण बोलत अशा की देशाचा कारभार त्यांच्याच हातात आहे.

"अगं, इथलं शिकवणं वेगळं असतं," त्या कांदा चिरता चिरता मला म्हणाल्या. "तुमच्यासारखं ओरडून चालत नाही."

"मी ओरडत नाही, ताई. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची."

"तेच तर. इथे वर्गात टाचणी आणूच देत नाहीत."

नाकाने कांदे सोलणं आजवर मी फक्त ऐकलं होतं, त्या दिवशी समोर पाहिलं. त्यांचं म्हणणं, मी पाळणाघरात विचारावं, नाहीतर त्यांच्या दुकानात फळ्यांवर माल लावायला बायका लागतात तिथे यावं. मला माल लावायचा नव्हता. मला माझा वर्ग हवा होता. फळा, हजेरी, आणि समोर ज्यांना अजून एक अक्षर येत नाही अशी पोरं. तेवढं मिळालं असतं तर या देशाकडे मी दुसरं काहीही मागितलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, ते मिळाल्याचं जाऊबाईंना त्याच स्वयंपाकघरात उभं राहून सांगायचं होतं.

मी शाळांना अर्ज केले. एकीने कळवलं की माझा अर्ज वाचून त्यांना आनंद झाला. आनंद झाला तर नोकरी द्या ना. पण नाही, नुसताच आनंद. दुसरीने मुलाखतीला बोलावलं. गोल टेबलाभोवती तिघंजण, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर एकाच साच्यातून काढलेलं हसू.

"तुमचं शिक्षणाचं तत्त्वज्ञान काय आहे?" मधल्याने विचारलं.

"मुलांना लिहिता-वाचता आलं पाहिजे."

तिघंही थांबले. मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत राहिले.

"आणि?"

"आणि बेरीज-वजाबाकी."

डावीकडची बाई पुढे झुकली. "मुलाच्या आत काय चाललंय, त्याच्याकडे तुम्ही कसं बघता?"

"बघावं लागत नाही. पोट दुखत असेल तर ते दारातच रडतं."

माझं उत्तर तिने लिहून घेतलं. बरोबर म्हणून नव्हे, हे मला तिच्या लेखणीवरूनच कळलं. त्या शाळेला तर माझा अर्ज वाचून आनंदसुद्धा झाला नाही.

शेवटी ओळख कामी आली ती जाऊबाईंचीच. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला एक प्राथमिक शाळा होती, आणि तिथल्या हेडबाई त्यांच्या दुकानात यायच्या. पहिलीची बाई पुढच्या वर्षी नोकरी सोडणार होती. हेडबाईंनी मला बोलावलं आणि सांगितलं की एक सत्र मी तिच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करायचं, शेवटी त्या माझा एक तास बघतील, आणि पसंत पडला तर पुढच्या वर्षी तो वर्ग माझा. हे मी घरी सांगितलं तेव्हा ह्यांना फार आनंद झाला. जाऊबाई म्हणाल्या, "माझं नाव सांगून गेली आहेस, ते घालवू नकोस म्हणजे झालं."

त्या वर्गात बाक नव्हते. गालिचा होता, त्यावर उशा होत्या, आणि उशांवर पोरं लोळत होती. पहिलीचा वर्ग आहे की लग्नघरातली दुपार, असा मला पहिल्या दिवशी प्रश्न पडला. बाई स्वतः खाली मांडी घालून बसायची. तिचं नाव लांबलचक होतं, पण मी मनात तिला मऊबाई म्हणायला लागले, कारण तिचं सगळंच मऊ होतं. आवाज मऊ, बूट मऊ, रागावणंसुद्धा मऊ. भिंतीवर कागदी तोंडांची एक रांग होती: हसरं, रडकं, घाबरलेलं, चिडलेलं. सकाळी आल्यावर प्रत्येक पोराने आपल्याला आज कसं वाटतंय ते ठरवून त्या तोंडाखाली आपल्या चित्राचा चिमटा लावायचा. माझा चिमटा कुणी केला नव्हता. केला असता तर मी तो चिडलेल्या तोंडाखाली एकदाच लावला असता आणि सत्रभर हलवला नसता.

एकदा एका पोराने रंगाचं पाणी स्वतःच्या बुटात ओतलं. मी उठणार एवढ्यात मऊबाई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "अरे वा, तू प्रयोग केलास! मग काय दिसलं तुला?" त्याला काय दिसणार? ओला मोजा दिसला. तो मोजा मी बदलला, बूट मी वाळत घातला, आणि प्रयोगाचं कौतुक त्याच्या पदरात पडलं. असं कौतुक दिवसभर चालायचं. रेघ ओढली की छान, नाही ओढली तर छान प्रयत्न. मला तर वाटायचं, हे पोर उद्या खिडकीतून बाहेर पडलं तरी ही बाई वरून टाळ्या वाजवेल.

त्या वर्गात एक मुलगी होती. लहानखुरी, काळ्या बुटांची, आणि कधीही एका जागी न बसणारी. दिवसभर ती भिंतीच्या कडेकडेने, भिंतीला एक बोट लावून चालत राहायची. कोपरा आला की वळायची, पुन्हा चालायची. मी तिला मुंगी म्हणायचे. बोलायची अगदी थोडं, आणि पेन्सिलीला तर हात लावायची नाही. बाकीची पोरं वेडंवाकडं का होईना आपलं नाव लिहायला लागली होती. प्रत्येकाला सामान ठेवायला एक खण होता आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेली नावाची पट्टी होती. मुंगीच्या खणावर नुसता तिचा फोटो होता.

"हिला लिहायला कधी शिकवणार?" मी मऊबाईला विचारलं.

"ती तयार झाली की लिहील," ती म्हणाली.

पोरगी म्हणजे काय आंबा आहे का, गवतात घालून ठेवला की आपोआप पिकेल? पण मदतनिसाने असं विचारायचं नसतं. मी मूग गिळून बसले.

शाळा सुटली की आई-बाप येईपर्यंत पोरांनी दाराशी थांबायचं, आणि त्यांना सांभाळायचं काम माझं. मुंगी तिथेही थांबायची नाही. एकदा ती फाटकातून थेट रस्त्याकडे निघाली तेव्हा माझ्या तोंडून आपल्याच भाषेत, वर्षानुवर्षांच्या सवयीने निघालं: "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि मी स्वतः तसं करून दाखवलं. शब्द तिला कळायचं कारणच नव्हतं. पण ती थांबली, माझ्याकडे बघितलं, छोट्या हातांची घडी घातली, त्यातलं एक बोट ओठांवर ठेवलं, आणि उभी राहिली. अगदी स्थिर. त्या शाळेत तिला असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिची आई आली तरी ती हलेना. शेवटी मी माझ्या हाताने तिचं बोट खाली घेतलं आणि "सुटी!" म्हटलं, तेव्हा खुदकन हसली.

मग तो आमचा रोजचाच खेळ झाला. दाराशी आली की ती आपण होऊन घडी घालायची, आणि मी बोट खाली घेईपर्यंत जागची हलायची नाही. मऊबाईने ते पाहिलं आणि मला अर्थ विचारला. मी सांगितला.

"म्हणजे तिला गप्प बस म्हणता?" तिचा चेहरा पडला.

"तिला आवडतं ते."

"असेलही," ती म्हणाली, आणि खरोखरच मुंगीपुढे गुडघे टेकून तिने विचारलं, "तुला हे आवडतं का गं?" मुंगीने तोंडावरचं बोट न काढता जोरात मान हलवली. मऊबाईचं समाधान झालं. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मी वीस वर्षांची मास्तरीण, मी सांगते ते खरं नाही, आणि सहा वर्षांच्या पोरीची साक्ष खरी!

जी मुलगी माझ्या सांगण्यावरून उभी राहते ती लिहीलही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. एका दुपारी मऊबाई बाकीच्यांना घेऊन बाहेर गेली होती आणि मुंगी भिंतीवर बोट फिरवत माझ्याजवळ आली. मी तिला पुढ्यात बसवलं, तिच्या हातात पेन्सिल दिली आणि वरून तिचा हात धरला.

हात धरून गिरवायला लावणं म्हणजे काही पोराचा हात ओढत नेणं नव्हे. ते येड्यागबाळ्याचं काम नाही. पेन्सिल आपण धरायची नाही, ती पोरानेच धरायची. आपली बोटं त्याच्या बोटांच्या पाठीवर, अगदी सैल. पहिल्यांदा सगळं आपण काढतो. पोराचा हात मेल्यासारखा पडलेला असतो. पुन्हा काढतो, पुन्हा काढतो. मग एका वळणावर त्याचा हात किंचित आधीच वळतो. ते बोटांना लागतं. तिथून आपण हळूहळू सोडत जायचं, आणि सोडल्याचं पोराला कळू द्यायचं नाही. मी शेकडो पोरांचे हात असे सोडले आहेत. पण मुंगीचा हात जेव्हा त्या वळणावर माझ्याआधी वळला, तेव्हा मला जो आनंद झाला तो या देशात आल्यापासून झाला नव्हता. तिच्या नावाचं पहिलं अक्षर तिने एकटीने काढलं. दुसरं अर्धं झालं होतं. मान वर केली तर दाराच्या काचेतून हेडबाई बघत होत्या.

हेडबाई उंच होत्या, हळू चालायच्या, आणि रागावल्या की त्याहून हळू बोलायच्या. खोलीत बोलावून त्यांनी मला खुर्ची दिली.

"तुम्ही तिचा हात धरला होता."

"हो. लिहायला शिकवत होते."

"तिला विचारलं होतं?"

"काय विचारायचं?"

"हात धरू का, असं."

चेष्टा करत असतील असं वाटलं, पण चेष्टा करणाऱ्यांतली ती बाई नव्हती.

"हात तिचा आहे," त्या म्हणाल्या. "न विचारता धरायचा नाही. ती हो म्हणाली, किंवा तिने स्वतःच पुढे केला, तर गोष्ट वेगळी."

"तिला पहिलं अक्षर आलं," मी म्हटलं. "तुमच्या शाळेत इतके दिवस आलं नव्हतं ते."

"मी पाहिलं. मला आनंद आहे. पण पुन्हा असं होऊ नये. नाहीतर शेवटी निर्णय घेताना मला त्याचा विचार करावा लागेल."

पुन्हा आनंद! मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. म्हणजे आता गुरूने शिष्यापुढे अर्ज करायचा. बाईसाहेब, आपला अमूल्य हात क्षणभर मिळेल का? माझ्या बाईंनी माझा हात धरला तेव्हा विचारलं नव्हतं, त्यांच्या बाईंनी त्यांना विचारलं नव्हतं, आणि आम्ही सगळ्या व्यवस्थित लिहायला शिकलो.

"हात लावायचा नाही म्हणे," मी घरी सांगितलं.

"अजिबातच नाही?" ह्यांनी विचारलं.

"अजिबात."

हेडबाईंच्या बोलण्यातलं उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. ते ऐकण्याच्या लायकीचं मला वाटलंच नव्हतं.

"मी म्हटलं नव्हतं?" जाऊबाई ओट्यापाशी म्हणाल्या. "मी आधीच म्हटलं होतं. आता हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. उद्या त्या दुकानात आल्या तर मी तोंड कसं दाखवू?"

"एकदा वर्ग तुझा होऊ दे," हे वर खोलीत म्हणाले, "मग दार लावून घे आणि शिकव तुझ्या पद्धतीने."

"दाराला काच आहे."

"मग पडदा लाव."

पडदा लाव! मी दिवा मालवला. ह्यांना लगेच झोप लागली. मी मात्र जागी राहून ठरवलं की नियमच पाळायचा आहे ना, मग असा पाळते की यांची यांनाच लाज वाटेल.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात हात मागे बांधून फिरायला लागले. नाहीतर हातात रंगांचा ट्रे घ्यायचा, ओली फडकी घ्यायची, काहीतरी घ्यायचंच. मुंगी पेन्सिल घेऊन आपण होऊन माझ्याकडे आली आणि तिने हात पुढे केला. मी मऊबाईचा आवाज काढून म्हटलं, "छान प्रयत्न! तूच कर हं." तिला वाटलं मी ट्रेमुळे नाही म्हणते आहे. तिने ट्रेची एक बाजू धरून तो खाली ठेवायला मदत करू पाहिली. मी ट्रे उचलून दुसरीकडे गेले. दाराशी ती घडी घालून उभी राहायची, आणि मी चार हात लांबून "सुटी" म्हणायचे. ती वाट बघायची. मग तिची आईच तिचं बोट खाली घ्यायची. काही दिवसांनी मुंगीने तो खेळ बंद केला आणि पुन्हा भिंतीच्या कडेने चालायला लागली.

तिची आई एकदा मला म्हणाली, "घरी काचेवर वाफ धरली की सारखं एकच अक्षर काढत असते. काय केलंत हो तुम्ही?"

"मी कुठे काय केलं?" मी म्हटलं. "ती तयार झाली."

मी ते कुचेष्टेने म्हटलं होतं. त्या बाईला कुठली कुचेष्टा कळायला! तिचे डोळे भरून आले आणि ती आत जाऊन मऊबाईचे आभार मानून आली. मऊबाई माझ्याकडे बघून गोड हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? शब्द मीच दिले होते.

माझ्या तासाचा दिवस उजाडला. हे डोकं आपटून, छताला सॉरी म्हणून उठले आणि मला म्हणाले, "घाबरू नकोस." मी घाबरलेली नव्हतेच. पोरांना शिकवणं ही एकच गोष्ट मला जगात घाबरवत नाही. हेडबाई पोरांच्या एका एवढ्याशा खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, मांडीवर वही. मऊबाई मागे खिडकीशी उभी राहिली.

जुन्या पट्ट्या मळल्या होत्या, म्हणून प्रत्येकाने आपल्या खणासाठी नवी पट्टी करायची असा मी धडा आखला होता. आधी गोष्ट सांगितली, एका मांजराची, ज्याला सगळे आपापल्या सोयीचं नाव देतात. पोरं उशांवरून उठून बसली. एकही लोळलं नाही. मधे थांबून प्रश्न विचारले, तर सगळ्यांचे हात वर. हे माझं रोजचंच. वीस वर्षांत यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण हेडबाईंची लेखणी चालायची थांबली होती आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. वर्ग माझा झाला, मला वाटलं. जाऊबाईंना काय सांगायचं, कसं सांगायचं, तेही डोक्यात तयार झालं.

मी पट्ट्या वाटल्या. आणि मुंगी भिंत सोडून आली. कुणी बोलावलं नव्हतं. आली, खाली बसली, पट्टी घेतली, आणि जीभ दातांत धरून तिने पहिलं अक्षर काढलं. मोठं, ठसठशीत. मग दुसरं सुरू केलं आणि अर्ध्यावर, त्या दिवशी जिथे राहिलं होतं तिथेच, ती अडली. तिने मान वर करून मला शोधलं. पेन्सिल बोटांत तशीच धरून हात माझ्याकडे पुढे केला, आणि मी धरावा म्हणून तसाच ठेवला.

सगळा वर्ग बघत होता असं नव्हे. पोरं आपापल्या नावांत गढली होती. पण मला वाटलं सगळं जग बघतं आहे. दोन बोटांवर वर्ग आला होता. मी हेडबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. बघा, मी मनात म्हटलं, बघा तुमचा नियम कसा पाळतात.

"तूच कर," मी मुंगीला म्हटलं. "तुला येतं." आणि हात कुठे ठेवावे ते न कळून मी त्यांची घडी घातली.

मुंगीने माझ्या हातांकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. मग पेन्सिल खाली ठेवली, पट्टी सरकवून दिली, हातांची घडी घातली, आणि तोंडावर बोट ठेवून बसली. मी सांगितलं आहे असंच तिला वाटलं.

तास संपला. पोरं पट्ट्या चिकटवून बाहेर खेळायला पळाली. मुंगी तशीच बसून राहिली. हेडबाई त्या खुर्चीतून कशाबशा उठल्या, जवळ आल्या, आणि माझा हात हातात घेण्याआधी थांबून म्हणाल्या, "अभिनंदन करू?" मी मान हलवली. तेव्हा त्यांनी हात घेतला.

"गोष्ट फार सुंदर सांगता तुम्ही. पुढच्या वर्षी हा वर्ग तुमचा."

मी थँक्यू म्हटलं.

"फक्त एक विचारायचं होतं." त्या आणखी हळू बोलायला लागल्या, म्हणजे रागावल्या होत्या की काय कळेना. "तिने स्वतः हात पुढे केला होता. मला वाटलं, आता तुम्ही धराल. मी वाटच बघत होते. का नाही धरलात?"

"तुमचा नियम..."

"नियम न विचारता धरू नये असा आहे. इथे तर तीच तुम्हाला विचारत होती."

इतके दिवस या लोकांना मी मूर्ख म्हणत होते, त्यांच्या नियमाला हसत होते. आणि त्या नियमातलं अर्धं टाकून उरलेलं अर्धं, त्यांनी कधी पाळलं नसतं इतक्या कडकपणे, मीच एका पोरीवर पाळलं होतं. तिच्यावर राग नव्हता माझा. राग यांच्यावर होता. पण हात तिचा सोडला. अशी लाज मला कारकुनापुढे वाटली नव्हती, जाऊबाईंपुढे वाटली नव्हती.

मी मुंगीपाशी गेले. मऊबाई बसते तशी गुडघ्यांवर बसले. माझे गुडघे वाजले. तिचं बोट ओठांवर तसंच होतं आणि डोळे माझ्यावर. ते बोट खाली घ्यायला माझा हात आपोआप उचलला गेला, तो मी आवरला.

"हात धरू?" मी विचारलं. मुलाला असं विचारायची माझ्या तोंडाला सवय नव्हती. शब्द विचित्रच वाटले. "आपण दोघी मिळून पुरं करू तुझं नाव."

मुंगीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

मग दुसऱ्या हाताने तिने आपलं आपणच बोट खाली घेतलं, उठली, आणि भिंतीला बोट लावून दाराकडे चालायला लागली. तिच्या खणावर फोटो तसाच होता. हेडबाई मला वर्गाच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते दाखवत होत्या. वर्ग माझा झाला होता.